चिमटा दाखवणारे चुंबक

१९३४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये डॉ. हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्यांवर चांदीचे छोटे चिमटे बसवून त्या थोड्या आवळल्या. रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. कारण रक्त कमी पोचले की साऱ्या शरीरातलाच दाब उतरल्यासारखे मूत्रपिंड वागते. ते रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते आणि अंगभर रक्तवाहिन्या आकसतात. एका घरच्या नळाला पाणी कमी येते म्हणून गावाचा पंप जोरात सोडावा, तसे हे घडते.

माणसात हा चिमटा आजार बसवतो. उतारवयात महाधमनीतून फाटा निघतो तिथेच चरबीचे थर साचतात. काही स्त्रियांत फायब्रोमस्क्युलर डिसप्लेसियामुळे धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते. आपल्याकडे तरुण मुलींचा रक्तदाब चढलेला आढळला, तर टाकायासू आजाराचाही विचार करावा लागतो. त्यात महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंती सुजतात.

मूत्रपिंडाची ही धमनी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंद. ती पोटात खोलवर असते आणि श्वासागणिक मूत्रपिंडासोबत हलते, म्हणून तिचे चित्र टिपणे अवघड. डॉप्लर सोनोग्राफी सोपी, पण आतड्यातला वायू आणि पोटावरची चरबी आड येते. सीटी अँजिओग्राफीत क्ष-किरण आणि आयोडिनचे औषध लागते. एमआर अँजिओग्राफीला यातले काहीच लागत नाही.

एमआर यंत्रातले १.५ टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट बलवान असते. त्यात शरीरातल्या पाण्याचे हायड्रोजन अणू रेडिओ लहरींना साद देतात. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचे औषध दिले की रक्तातला संकेत झळाळून उठतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मार्टिन प्रिन्स यांनी ही पद्धत रुळवली. सारी कसोटी वेळेची. औषध धमन्यांत पोचले आहे, पण शिरांत उतरलेले नाही, ते मोजके सेकंद टेक्निशियनला साधावे लागतात. रुग्णाने तेवढा वेळ श्वास रोखायचा.

पुढे एक कटू धडा मिळाला. १९९७ पासून मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा दगडासारखी कडक होऊ लागली, सांधे आखडले. २००६ मध्ये त्याचा धागा गॅडोलिनियमपर्यंत पोचला. ज्यांची मूत्रपिंडे सर्वांत दुबळी, त्यांनाच ही इजा झाली होती. आता गॅडोलिनियमला कड्यासारख्या रेणूत घट्ट धरून ठेवणारी औषधे वापरतात आणि त्यांत हा धोका अत्यंत कमी आहे. औषधाविनाही तपासणी होते. त्यात आत शिरणारे ताजे रक्तच खूण ठरते.

तरी या यंत्रालाही मर्यादा आहेत. ते अरुंदपणा कधी वाढवून दाखवते, स्टेंटच्या (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या) आतले नीट दाखवत नाही, धमनीच्या बारीक फांद्या निसटतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या पाहणीत ३५६ रुग्ण तपासले गेले. त्यात खरोखर अरुंद धमनी असलेल्या शंभरांपैकी सुमारे ६२ जणच एमआरने पकडले.

धमनी अरुंद दिसली म्हणजे तीच रक्तदाबाची गुन्हेगार ठरते असेही नाही. चरबीने अरुंद झालेल्या धमन्यांच्या ९४७ रुग्णांवरच्या ‘कोरल’ अभ्यासात औषधांना स्टेंटची जोड देऊन हृदयविकार किंवा पक्षाघात टळण्यात लक्षणीय फरक पडला नाही. हा निष्कर्ष २०१४ साली छापून आला. उलट मण्यांच्या माळेसारख्या धमनीत फुग्याने केलेला उपचार अनेकींना गुण देतो. म्हणून चित्राइतकेच ते वाचणाऱ्या डॉक्टरांचे तारतम्य मोलाचे.

रक्तदाब तिशीच्या आत चढला, तीन औषधांनाही जुमानत नसला किंवा रक्तदाबाचे नवे औषध सुरू होताच क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे रक्तातले माप) वाढले, तर डॉक्टरांना या धमन्यांबद्दल जरूर विचारा. तपासणीला जाताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या आणि अंगात पेसमेकर किंवा धातूची वस्तू असेल तर तसे आधीच सांगा.