आठवड्याची भाजीची टोपली : शेतापासून चुलीपर्यंत

भाजीपाला पिकविणे हे शेतकऱ्याचे काम आणि तो शिजविणे हे गृहिणीचे काम, अशी विभागणी आजवर चालत आली. बाजारात जोपर्यंत गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने भाजी निवडून घेत होते, तोपर्यंत ती पुरेशीही होती. परंतु शेतकरी गटाने निवडून भरलेली टोपली आठवड्यातून एकदा थेट घरी पोचविण्याची पद्धत सुरू झाली आणि ही विभागणी अपुरी पडू लागली. टोपलीत काय असावे हे गिऱ्हाईक ठरवीत नाही. हंगाम व शेत ठरविते. आलेली भाजी वेळेवर शिजली नाही तर ती सडते, आणि ज्या घरी दोन-तीन आठवडे भाजी सडली त्या घरून पुढची मागणी येत नाही. सबब ज्याला टोपली विकावयाची आहे, त्याने टोपलीबरोबर ती वापरण्याची रीतही दिली पाहिजे.

थेट विक्रीची वाट

जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाजार आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याचा व्यापार बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. त्यामुळे शेतकऱ्याला ग्राहकाच्या दारी माल विकण्यास वाट मोकळी झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यावर या वाटेचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले. पुणे व मुंबई येथील गृहनिर्माण संस्थांच्या दारापर्यंत शेतकरी गटांनी भाजीपाला व फळे पोचविली. अनेक ठिकाणी सर्व भाज्या एकत्र बांधून दिल्या जात.

परदेशातही हा प्रयोग जुना आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात शेतकरी व शहरी कुटुंबे यांच्यात 'तेइकेइ' नावाची व्यवस्था रूढ झाली. शेतात जे पिकेल ते सर्व स्वीकारावे, हे तिच्या मान्य तत्त्वांपैकी एक होय. याचा अर्थ असा की, ग्राहकाने आपला स्वयंपाक शेताच्या हंगामाप्रमाणे बदलावयाचा.

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकास असलेला आष्टी तालुका अवर्षणप्रवण आहे. येथे विहिरीच्या तुटपुंज्या पाण्यावर भाजीपाला निघतो. अशा ठिकाणची मेथीची एक जुडी कोणाच्या घरी सडून गेली, तर केवळ जुडी वाया जात नाही. तिच्यासाठी उपसलेले पाणीही वाया जाते. म्हणून टोपली आष्टी गावात द्यावयाची असो, बीडला, अहिल्यानगरला वा पुण्याला पाठवावयाची असो, तिच्यातील प्रत्येक जिन्नस ताटात पडेल याची काळजी पिकविणाऱ्यानेच वाहिली पाहिजे.

टोपलीचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दररोज निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात. यात बटाटा व इतर पिष्टमय कंद धरलेले नाहीत. पाच माणसांच्या घराला या मापाने दिवसाला २ किलो व आठवड्याला १४ किलो माल लागेल.

आश्विन-कार्तिकाच्या सुमारास पुढीलप्रमाणे टोपली भरता येईल : मेथी २ जुड्या, कोथिंबीर १ जुडी, मुळा पाल्यासह १ जुडी, गवार अर्धा किलो, वांगी १ किलो, टोमॅटो १ किलो, लाल भोपळा दीड किलो, कांदा १ किलो, सीताफळे १ किलो आणि लिंबे ६. हा माल सुमारे साडेसात किलो होतो. म्हणजे घराची निम्मी गरज भागते. उरलेली गरज परसबागेतून व गावच्या बाजारातून भागवावी.

टोपली उघडताच करावयाची कामे

टोपली आल्यावर तशीच कोपऱ्यात ठेवू नये. प्रथम सीताफळे व टोमॅटो बाजूला काढावेत. पिकणाऱ्या फळांतून एक वायू बाहेर पडतो व त्याच्या सान्निध्यात पालेभाजी लवकर पिवळी पडते. मुळ्याचा पाला कापून वेगळा करावा. तो तसाच राहिल्यास मुळ्यातील ओलावा ओढून घेतो व मुळा सुरकुततो. पालेभाजी न धुता ओलसर फडक्यात सैल गुंडाळून थंड जागी ठेवावी. धुऊन ठेवलेली जुडी लवकर कुजते. कांदा कोरड्या, वारा खेळत्या जागी पसरून ठेवावा.

ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे पसरट मडक्यात भाजी ठेवून मडके ओल्या पोत्याने वेढावे. आष्टीसारख्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो. माल गोळा करणाऱ्या गटाने तर शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या कक्षात विटांच्या दुहेरी भिंतीमध्ये वाळू भरतात व ती ओली ठेवतात. कडक उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते.

कोणती भाजी केव्हा शिजवावी

स्वयंपाकाचा क्रम आवडीनिवडीवर न ठरविता भाजीच्या टिकाऊपणावर ठरवावा. टोपली रविवारी आली असे समजू.

रविवारी मेथीची एक जुडी मूगडाळ घालून लसणाच्या फोडणीत मोकळी करावी. सोमवारी दुसऱ्या जुडीचे धपाटे लावावेत. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, तीळ व ओवा घातल्यास ते न्याहारीस व शेतात नेण्यासही उपयोगी पडतात. त्याच दिवशी मुळ्याच्या पाल्याचा झुणका करावा. पुष्कळ घरी हा पाला जनावरांपुढे टाकतात. वास्तविक तो मुळ्याइतकाच पौष्टिक आहे. मंगळवारी गवार शेंगदाण्याचे कूट व किंचित गूळ घालून करावी. बुधवारी वांगी घ्यावीत. त्यांपैकी निम्मी तीळ, कूट व येसर भरून शिजवावीत आणि उरलेली भाजून भरीत करावे. गुरुवारपर्यंत टोमॅटो मऊ होतात. असे टोमॅटो टाकून न देता त्यांचे सार करावे. किसलेला मुळा दह्यात कालवून त्या दिवशी तोंडी लावावा. मात्र बुरशी आलेले फळ कापून अर्धे वापरण्याचा मोह टाळावा. ते खतात घालावे.

न चिरलेला लाल भोपळा कित्येक आठवडे टिकतो, म्हणून तो शेवटी घ्यावा. शुक्रवारी एका फोडीची मेथीदाणा घालून भाजी करावी व दुसरी किसून गूळ-कणकेत घारगे करावेत. बिया धुऊन वाळवाव्यात व भाजून खाव्यात. कोवळी साल परतून तिळाबरोबर चटणीत वाटावी.

शनिवारी चार गवारी, एक वांगे, भोपळ्याची फोड असे जे थोडेथोडे उरेल ते एकत्र शिजवावे. यात कमीपणा मुळीच नाही. पौषात भोगीच्या दिवशी वांगे, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, घेवडा, बोरे अशी हंगामातील मिसळ भाजी करून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खाण्याची आपली रीत आहेच. शेतात जे आहे ते एका भांड्यात शिजविण्याचे हे शहाणपण वर्षातून एका दिवसापुरते न ठेवता दर शनिवारी वापरावे.

सत्त्व राखण्याच्या सोप्या गोष्टी

भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर नव्हे. चिरून धुतल्यास पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही वाहून जातात. भाजी बेताच्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावी व उरलेले पाणी आमटीत घालावे. हिरवा रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालू नये. त्याने जीवनसत्त्वांचा नाश होतो. लिंबू मात्र भाजी उतरविल्यावर पिळावे. त्यामुळे पालेभाजीतील लोह शरीरास अधिक प्रमाणात मिळते.

सीताफळाविषयी विशेष

बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बालाघाटच्या डोंगराळ, हलक्या जमिनीत येणारे हे फळ टोपलीची शान वाढविते, परंतु ते फार नाजूक आहे. डोळ्यांमधील खाचा रुंदावून पिवळसर दिसू लागल्या की फळ काढण्यास योग्य झाले असे समजावे. टोपलीत कठीण पण पक्व फळच भरावे. ते घरी काही दिवसांत पिकते. पिकलेला गर उकळू नये, कारण तापविल्याने तो कडू होतो. बासुंदी करावयाची असल्यास दूध आटवून पूर्ण थंड करावे व मगच गर मिसळावा. बिया गराबरोबर वाटल्या जाणार नाहीत याची दक्षता घ्यावी. त्या विषारी असून त्यांची भुकटी डोळ्यांस अपाय करते.

उरलेल्या मालाची वाळवणे

मेथी सावलीत वाळवावी. गवारीच्या शेंगा उकळत्या मिठाच्या पाण्यात २ ते ३ मिनिटे बुडवून उन्हात कडकडीत वाळवाव्यात. ही वाळवणे हवाबंद डब्यात राहतात. दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांना ती बरोबर नेता येतील. कोपीवर ताजी भाजी मिळणे कठीण असते आणि भाकरी-मिरचीवर दिवस काढण्याची पाळी येते, तेव्हा त्यांचा मोठा आधार होईल.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी काय करावे

प्रत्येक टोपलीत हाताने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवण्याची सवय गटांना लावावी. चिठ्ठीत तीन गोष्टी असाव्यात : आधी कोणती भाजी शिजवावी, ती कशी ठेवावी, आणि अपरिचित भाजीची एक सोपी कृती. आष्टीच्या घरी चुका, अंबाडी वा तांदुळजा नवा नाही. शहरातील तरुण कुटुंबास मात्र तो नवा असू शकतो. गटातील महिलांकडून या कृती मिळवाव्यात, कारण त्या त्यांच्या रोजच्या हातच्या आहेत. त्याचप्रमाणे औषध फवारल्यानंतर वेष्टनावर दिलेला काळ लोटल्याखेरीज भाजी तोडली जाणार नाही, याकडे कार्यकर्त्यांनी बारकाईने लक्ष द्यावे.

पुढील टोपली देताना मागच्या टोपलीतील काय उरले, हे प्रत्येक घरी आवर्जून विचारावे व वहीत टिपून ठेवावे. ज्या भाजीचे नाव वहीत वारंवार येईल, ती टोपलीत कमी घालावी किंवा तिची नवी कृती चिठ्ठीत द्यावी. पुढच्या हंगामात कोणत्या वाफ्यात काय पेरावे, याचा निर्णय करताना ही वही बाजारभावाच्या तक्त्याइतकीच उपयोगी पडेल.