चार मीटरच्या आतली एसयूव्ही

नवी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली, हार घालून झाला, पेढे वाटून झाले की एक जाणकार पुढे येतो. दारावर बोटाच्या पेरांनी टकटक करतो आणि निकाल देतो, "पत्रा जाड आहे. दणकट गाडी." शेजारच्या गाडीवर तशीच टकटक होते आणि मान नकारार्थी हलते. लहान एसयूव्ही घेणाऱ्या कितीतरी घरांत सुरक्षेचा प्रश्न एवढ्यावर मिटवला जातो.

पण टकटक केलेला तो पत्रा म्हणजे गाडीची केवळ कातडी. बहुतेक गाड्यांत त्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते आणि धडकेत माणसाला वाचवण्याचे काम त्याच्याकडे नसते. ते काम आतल्या सांगाड्याचे. समोरचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळून धक्का शोषतो आणि माणसे बसतात तो पिंजरा उच्च ताकदीच्या पोलादामुळे शाबूत राहतो. म्हणजे अपघातानंतर बोनेटचा चुराडा झालेला पाहून "कागदाची गाडी" म्हणणे बरोबर नाही. बोनेट चुरगळणे अपेक्षितच असते. पाहायचे ते दारांचे खांब वाकले का, स्टिअरिंग छातीपर्यंत आले का, पायांजवळची जागा आत दबली का.

याचा पुरावा २०१८ सालचा आहे. त्या वर्षी ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेने टाटा नेक्सॉन आणि मारुती व्हिटारा ब्रेझा या दोन्ही गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. ऑगस्टमध्ये नेक्सॉनला चार तारे मिळाले आणि सुधारणांनंतर डिसेंबरमध्ये पाच. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. पण पातळ पत्र्याचा शिक्का बसलेल्या कंपनीच्या ब्रेझानेही प्रौढ प्रवाशांसाठी चार तारे मिळवले होते, ही गोष्ट पार्किंगमधल्या चर्चेत क्वचितच निघते. आणखी एक गोष्ट त्याहून कमी निघते. पाच तारे मिळवलेल्या नेक्सॉनला तेव्हा मुलांच्या सुरक्षेत तीनच तारे होते आणि ब्रेझाला दोन. मागच्या सीटवर दोन शाळकरी मुले बसवणाऱ्या कुटुंबाला हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा.

शिवाय सगळे तारे सारखे नसतात. २०१८च्या चाचणीचा भर समोरच्या धडकेवर होता. २०२२पासून ग्लोबल एनकॅपने बाजूची धडक, गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, पादचाऱ्यांचे संरक्षण असे निकष कडक केले. नेक्सॉनने २०२४मध्ये या नव्या निकषांवर प्रौढ आणि मुले, दोन्हींत पाच तारे मिळवले. भारत एनकॅप ही आपली स्वतःची पद्धत १ ऑक्टोबर २०२३पासून लागू आहे. म्हणून वापरलेली गाडी घेताना विक्रेता "फाइव्ह स्टार" म्हणाला, की कोणत्या वर्षीची चाचणी आणि कोणते व्हेरिएंट हे विचारायलाच हवे.

दुसरा मोठा गैरसमज खुद्द "एसयूव्ही" या शब्दात दडलेला आहे. उंच गाडी, छतावर रेल, चाकांभोवती काळे प्लास्टिक, म्हणजे ती डोंगरदऱ्यांत कुठेही जाणार, असे लोक धरून चालतात. नेक्सॉन, ब्रेझा, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ या सगळ्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. रचनेच्या दृष्टीने त्या उंच केलेल्या हॅचबॅकच आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. चार मीटरच्या आत खरी चारही चाकांची ताकद हवी असेल तर थार किंवा जिम्नीकडे वळावे लागते, आणि मग शहरातल्या रोजच्या आरामावर पाणी सोडावे लागते. कोकणात गावच्या घराकडे जाणारी ओली लाल मातीची चढण असेल, तर हा फरक गाडी घेण्यापूर्वी कळलेला बरा.

मग या गाड्या नेमक्या चार मीटरच्या आतच का? कारण कर. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. अट होती लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्या चौकटीत एसयूव्ही बसवण्याचा पहिला प्रयत्न २००९मध्ये चिंचवडहून झाला. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरची रिओ ती. गाडी फार चालली नाही, पण २०१३मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट आली आणि बाजाराची दिशा ठरली. पुढे ब्रेझा २०१६ची, नेक्सॉन २०१७ची, व्हेन्यू आणि एक्सयूव्ही ३०० (आताची ३एक्सओ) या दोघी २०१९च्या. आज नेक्सॉन रांजणगावात तयार होते, ३एक्सओ नाशिकला आणि नवी व्हेन्यू तळेगावला. या स्पर्धेतले तीन मोठे गडी पुणे-नाशिकच्या पट्ट्यातूनच मैदानात उतरतात.

"चार मीटरच्या आत आहे, म्हणजे कर कमी" हे मात्र अर्धेच खरे. ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलिमीटर, पण तिचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे. त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला तेव्हा ब्रेझा ४० टक्क्यांच्या गटात राहिली. नेक्सॉनचे ११९९ सीसीचे पेट्रोल आणि १४९७ सीसीचे डिझेल, दोन्ही १८ टक्क्यांत बसले. दोन गाड्यांच्या किमतींची तुलना करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर एक कंपनी उगाच महाग आणि दुसरी उगाच उदार वाटते.

चार मीटरची सीमा आरामातही बोलते. लांबी ठरलेली असली की पायांना दिलेली जागा डिकीतून कापावी लागते. एक्सयूव्ही ३००ने पुढच्या-मागच्या चाकांत २,६०० मिलिमीटर अंतर ठेवले, त्यामुळे मागे बसणाऱ्याचे गुडघे मोकळे राहिले, पण डिकी २५७ लिटरची झाली. ब्रेझाचे हेच अंतर २,५०० आणि डिकी ३२८ लिटर. २०२३च्या बदलानंतर नेक्सॉनची डिकी ३८२ लिटरची आहे. गणपतीला गावी निघालेल्या चौघांच्या बॅगा मोजून पाहिल्या की हे आकडे हातात घेतल्यासारखे कळतात. "मागे तिघे आरामात बसतात" हे वाक्य तर यांतल्या कोणत्याही गाडीबद्दल दोन तासांच्या प्रवासापलीकडे टिकत नाही. साधारण पावणेदोन ते एक पूर्णांक आठ मीटर बाहेरच्या रुंदीत दारांची जाडी वजा केली की मधल्याच्या वाट्याला सीटचा फुगवटा तेवढा उरतो. या गाड्यांचे मोठे सुख वेगळेच आहे आणि ते आजी-आजोबांना आधी कळते. सीट कमरेच्या उंचीला येते. सेडानमध्ये खाली वाकून बसायचे आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठायचे, हा त्रास इथे वाचतो.

उंच गाडी म्हणजे खड्ड्यांत मऊ, हाही असाच पक्का समज. प्रत्यक्षात उंच गाडी वळणावर जास्त कलते. तो कल आवरण्यासाठी कंपन्या स्प्रिंग कडक ठेवतात आणि मग कमी वेगात लहान खड्डेही अंगाला लागतात. आरामाचा बराच भाग टायरमध्ये असतो. २१५/६० आर१६ या मापात, जे यांतल्या अनेक गाड्यांना येते, रबराची भिंत १२९ मिलिमीटर उंच असते. टॉप मॉडेलच्या झोकात १७ इंची चाक आले आणि माप २१५/५५ झाले, की ती ११८ मिलिमीटरवर येते. अकरा मिलिमीटर म्हणजे बोटाची रुंदीही नाही, पण खड्डा आणि पाठीचा कणा यांच्यामधली गादी तेवढी पातळ होते. त्यात पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याने सवयीने चार पॉइंट जादा भरले की मालक महिनाभर सस्पेन्शनला दोष देत राहतो. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेला असतो.

भरवशाच्या चर्चेत सर्वांत जास्त बदनाम झाले ते तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन. सिग्नलला उभे असताना गिअरचा दांडा थरथरतो आणि मालकाला वाटते, इंजिन गेले. चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तिनात दर २४० अंशांना. धक्क्यांमधले अंतर वाढते, शिवाय तीन दट्ट्यांच्या मांडणीत दोन टोके आळीपाळीने वर-खाली हलू पाहतात. थरथर येते ती या रचनेतून, बिघाडातून नव्हे. टर्बोच्या आयुष्याचा खरा शत्रू वेगळा आहे : उशिरा बदललेले किंवा चुकीच्या ग्रेडचे तेल. "गाडी वर्षात तीनच हजार चालली, सर्व्हिस कशाला?" असे म्हणणारा नेमका इथे फसतो. तेल किलोमीटरने झिजते तसे काळानेही खराब होते, म्हणून सर्व्हिसच्या पुस्तकात किलोमीटर आणि महिने, दोन्ही लिहिलेले असतात. जे आधी भरेल ते धरायचे.

"ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक" हा समज खिशाला जास्त लागतो. एएमटीमध्ये नेहमीचाच क्लच आणि गिअरबॉक्स असतो, फक्त तो दाबायला यंत्र बसवलेले असते. ब्रेझामध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, निसान मॅग्नाइटच्या टर्बोमध्ये सीव्हीटी, तर ह्युंदाई-किया दोन क्लचचा डीसीटी देतात. घाटात चढावर ट्रकांच्या मागे गाडी इंच-इंच सरकते, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अर्धवट धरून गाडी थोपवायची सवय क्लच असलेल्या ऑटोमॅटिकला तापवते. टॉर्क कन्व्हर्टर तेच काम तेलाच्या जोरावर सहन करतो. चढावर थांबायचे तर ब्रेकच दाबायचा. एवढ्या सवयीने क्लचप्लेटचे आयुष्य बरेच वाढते.

डिझेलचा हिशेबही जुन्या वहीतला राहिलेला नाही. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ आले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी आली. ती काजळी जाळायला धुराचे तापमान बरेच चढावे लागते आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटे धावावी लागते. घर ते ऑफिस चार किलोमीटर आणि मध्ये नऊ सिग्नल, असा रोजचा रस्ता असेल तर गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गाडीला "खराब" म्हणून नाव पडते. मारुतीने त्याच वेळी डिझेल बंदच केले. सांगली-मुंबई अशा फेऱ्या मारणाऱ्याला मात्र डिझेल आजही परवडते.

अ‍ॅव्हरेजबद्दलची नाराजी तर सार्वत्रिक आहे. कंपनी सांगते ते आकडे एआरएआय किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीचे असतात. एआरएआयचे मुख्यालय पुण्यात, कोथरूडजवळच्या टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो आणि वेग ९० किलोमीटरच्या वर जात नाही. तो आकडा खोटा नसतो, तो गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी असतो. द्रुतगती मार्गावर शंभराच्या वेगाने, एसी लावून, पाच माणसे बसवून तो मिळणार नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलवर थोडी घट होतेच.

बॅजच्या भरवशाचेही असेच. २०२० ते २०२२ या काळात विकली गेलेली टोयोटा अर्बन क्रूझर म्हणजे मारुतीने बनवलेली ब्रेझाच होती. "टोयोटाचे इंजिन वेगळेच" म्हणणारे चुकत होते. फरक वॉरंटीत होता : टोयोटाची तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, मारुतीची तेव्हा दोन वर्षे किंवा चाळीस हजार. तो फरक पैशांत मोजण्यासारखा होता. उलट बाजूने, फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केल्यावर इकोस्पोर्ट भंगारात जाणार असे अनेकांनी धरले. कंपनीने सुटे भाग आणि सर्व्हिस चालू ठेवली. पडली ती रीसेलची किंमत, आणि चांगली राखलेली इकोस्पोर्ट स्वस्तात मिळू लागली.

पावसाळ्याचा गैरसमज सर्वांत महागडा. ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर आहे, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून गाडी जाणार, या हिशेबावर दर वर्षी मुंबई-ठाण्यात इंजिने जातात. क्लिअरन्स म्हणजे दगड पोटाला लागू नये यासाठीची उंची. पाण्यात प्रश्न असतो इंजिन हवा ओढते त्या तोंडाचा. समोरून बस गेली की तिच्या लाटेने पाणी तिथपर्यंत चढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, त्यामुळे दट्ट्या वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा स्टार्ट करून पाहायची नाही, ढकलून किंवा टो करून बाहेर काढायची. स्टार्टर मारल्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि ते पॉलिसी घेताना किंवा तिचे नूतनीकरण करतानाच घेता येते.