व्हॅलेंटाइनचं जेवण दुपारी एक वाजता

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मावळातल्या पॉलिहाउसवाल्यांना झोप नसते. तळेगाव-पवना भागातला गुलाब चौदा तारखेच्या आत परदेशी आणि देशातल्या मोठ्या शहरांत पोहोचायचा असतो. त्यातलाच थोडा माल आपल्या पिंपरी-चिंचवडच्या चौकाचौकांत दिसतो. त्या संध्याकाळी हॉटेलांबाहेर रांगा लागतात. पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या बोलण्यात वेगळंच काही ऐकू येतं. ‘बाहेर तासभर ताटकळण्यापेक्षा या वेळी घरीच करणार आहोत, आई-बाबा आणि मुलंही असतील.’ व्हॅलेंटाइन म्हणजे फक्त जोडप्यांचा दिवस, ही कल्पना आपल्याकडे हळूहळू पातळ होत चालली आहे. चांगलं आहे. घरच्या जेवणात तेल-मीठ आपल्या हातात असतं, हा त्याचा उघड फायदा. मला आज बोलायचं आहे ते मात्र दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

आपल्या पट्ट्यात ‘काय करायचं’ हा प्रश्न सोपा आहे. ‘किती वाजता जेवायचं’ हा अवघड. चाकण, तळवडे, भोसरी या भागांतले कारखाने तीन पाळ्यांत चालतात. पहिली पाळी साधारण सकाळी सहा-सातला, दुसरी दुपारी तीनच्या आसपास, तिसरी रात्री अकरा-बाराला. दर आठवड्याला पाळी बदलणार. भोसरीतल्या कित्येक लहान कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, शाळेला रविवारी, हिंजवडीला जाणाऱ्या सुनेला शनिवार-रविवार. त्यात बारावीची परीक्षा याच दिवसांत. सेकंड शिफ्टचा माणूस चाकणच्या तळेगाव चौकातून सुटून घरी टेकतो तेव्हा साडेबारा झालेले असतात. मग हौसेनं ठरवलं जातं, ‘बाबा आले की सगळे एकत्र जेवू.’ आजी जागी, मुलं पेंगुळलेली, आणि रात्री पाऊण वाजता पनीर, पुलाव, केक.

भावना समजते. शरीराला मात्र ती वेळ समजत नाही.

आपल्या पेशींमध्ये घड्याळं आहेत, हे आता केवळ बोलण्यापुरतं राहिलेलं नाही. फळमाशीत या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. यकृत आणि स्वादुपिंडातली घड्याळं जेवणाच्या वेळांवरूनही काटे लावून घेतात. रात्र झाली की मेलाटोनिन वाढतं आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटण्याचा वेग मंदावतो. बोस्टनमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना तेच जेवण सकाळी आणि संध्याकाळी देऊन पाहिलं, तेव्हा संध्याकाळच्या जेवणानंतर रक्तातली साखर १७ टक्के जास्त चढली. हे २०१५ चं काम. तिथल्याच गटानं २०२१ मध्ये १९ तरुणांवर कृत्रिम रात्रपाळीचा प्रयोग केला. रात्री जागून रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली. रात्री जागूनही जेवण दिवसाच घेणाऱ्यांमध्ये लक्षणीय वाढ झाली नाही. प्रयोग छोटा आहे, प्रयोगशाळेतला आहे. तरी रात्रपाळी ज्याला चुकवता येत नाही, त्याच्यासाठी यात एक मोठी सोय दडलेली आहे. जागण्याची वेळ मालक ठरवतो, जेवणाची बऱ्याच अंशी आपण.

एका रात्रीच्या उशिरा जेवण्यानं कुणाला मधुमेह होत नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर घरोघरी भांडणं लागायची. पण या पट्ट्यात ती एक रात्र नसते. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की, भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. माझ्या ओपीडीत चाळिशीच्या आतला प्रेस शॉपमधला किंवा असेंब्ली लाइनवरचा माणूस साखरेचा रिपोर्ट घेऊन बसतो, तेव्हा मी ‘काय खाता’ याआधी ‘कोणती शिफ्ट’ विचारतो.

तेव्हा चौदा तारखेचं जेवण पाळी बघून ठरवा. घरातला माणूस सेकंडला असेल, तर ते दुपारी साडेबारा-एकलाच करा. डिनर नाही म्हणता येणार, पण सूर्य डोक्यावर असताना गोड खाल्लेलं शरीर जास्त चांगलं रिचवतं, आणि नंतर पाळीत हालचालही होते. मुलं शाळेत असतील तर जवळची सुट्टी पकडा. संत व्हॅलेंटाइन रागावणार नाहीत. तिसरी पाळी असेल, तर संध्याकाळी सात-साडेसातला सगळ्यांनी जेवून घ्यावं. हे त्याचं मुख्य जेवण. मध्यरात्री कँटीनमध्ये पुन्हा भरल्या ताटावर बसायचं नाही. भूक लागलीच तर मूठभर फुटाणे, ताक, एखादं फळ. पहिल्या पाळीवाल्याचं सोपं आहे, त्यानं साडेसातला जेवावं आणि दहाला झोपावं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. घरात मधुमेहाची औषधं घेणारं कुणी असेल आणि जेवण ‘सगळे आल्यावर’ असेल, तर नीट लक्ष द्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या आणि जेवणाआधीचं इन्शुलिन साखर खाली आणतात, ताटात काही पडो वा न पडो. आजीनं सवयीनं आठ वाजता गोळी घेतली, पाहुणे यायचे आहेत, केक कापायचा आहे, मुलगा वाहतुकीत अडकला आहे, ‘थांबते की मी, काय घाई आहे’ असं म्हणत त्या साडेदहापर्यंत उपाशी. सणासमारंभाच्या रात्री आमच्या अपघात विभागात अशी आजी येते. घरचे म्हणतात, ‘अचानक काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, आम्हाला वाटलं दमली असेल.’

घाम फुटणं, हात थरथरणं, धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी साखर तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या, सुधारणा झाली की जेवायला वाढा. इथे चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे हे घडूच द्यायचं नाही. जेवणाआधीची गोळी किंवा इन्शुलिन ताट समोर आल्यावर घ्यायचं. जेवण लांबणार असं दिसलं तर आजीला तिच्या वेळेला वाढायचं, नंतर ती गप्पांना सगळ्यांबरोबर बसेलच. औषधाच्या वेळा कायमच्या बदलायच्या असतील तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

पदार्थांबद्दल फार सांगत नाही, कारण प्रत्येक घराची चव निराळी. इंद्रायणी तांदूळ आपल्या शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला. त्याचा मऊ, वासाचा भात चिकनच्या रश्श्याबरोबर नको म्हणणारा डॉक्टर मी नाही. फक्त क्रम बदलून बघा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, पनीर किंवा चिकन, आणि भात शेवटी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या एका लहानशा अभ्यासात ११ मधुमेहींनी तेच जेवण या क्रमानं घेतलं. पाव आधी खाल्ला त्या दिवसाच्या तुलनेत एका तासानंतरची साखर ३७ टक्के कमी भरली. अकरा माणसांवरून कायदा करता येत नाही, पण खर्च शून्य आहे आणि तोटा काहीच नाही. गोडासाठी या दिवसांत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असते, शंभर ग्रॅममध्ये जेमतेम ३२ कॅलरी. घट्ट दह्यात चिरून घातली की मुलं केकची आठवण काढत नाहीत. काढतात, खरं म्हणजे. मग छोटा केक आणा आणि सहा जणांत वाटा.

‘घरचं जेवण’ म्हणताना ते करतं कोण, याकडेही बघायला हवं. चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बाया सकाळी पाचला उठून डबे करून कंपनीच्या बसला उभ्या असतात. संध्याकाळी परतल्यावर त्यांनीच तुमच्यासाठी खास बेत करायचा, आणि त्याला प्रेमाचा दिवस म्हणायचं? शिवाय आपल्याकडे पोळी गरम हवी. तव्यावरची पोळी थेट ताटात, ही आपली चैन घरातल्या एका माणसाला ओट्याशी उभं ठेवते. सगळ्यांचं झाल्यावर ती बसते, तोवर रश्श्यातले तुकडे संपलेले, कोशिंबीर तळाला गेलेली. उरलं असेल ते आणि वर चहा.

याची मोजदाद रक्तात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याला कारणं अनेक आहेत, पण ताटात शेवटी येणं हे त्यातलं एक आहे असं मी माझ्या अनुभवावरून म्हणतो. हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईला ‘पालेभाजी खा’ सांगून आम्ही मोकळे होतो. तिच्या वाट्याला भाजी किती उरते, हे विचारत नाही. म्हणून त्या दिवशी पोळ्या नकोत. भाकरी तासभर आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवता येते, पुलाव किंवा मसालेभात आधीच होतो, पाव चालतो. चिरणं-निवडणं मुलांकडे, भांडी बाबांकडे. बसायचं ते सगळ्यांनी एकदम, आणि उसळीवर लिंबू पिळायचं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांमधलं लोह जास्त शोषलं जातं. चहा जेवणानंतर तासाभरानं, कारण चहातले टॅनिन नेमकं तेच लोह अडवतात.

एवढं सगळं करूनही कुणीतरी पाळीवर अडकतोच. त्याचा वाटा ओट्यावर झाकून ठेवण्याची पद्धत आहे, ती मोडा. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात. भात खोलीच्या तापमानाला तासन् तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानं नष्ट होत नाही. आठला केलेला भात साडेबाराला वाफ येईपर्यंत तापवला तरी उलट्यांचा धोका उरतो. त्याचा वाटा इतरांनी जेवायला बसण्याआधीच पसरट डब्यात काढावा, वाफ गेली की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा, आणि आल्यावर लागेल तेवढाच कडकडीत गरम करावा. त्यानं रात्री साडेबाराला भाजी, उसळ किंवा चिकन खावं, भात घासभर. उरलेला दुसऱ्या दिवशी दुपारी.

एक लहानशी सूचना राहिली. फोटोत छान दिसतं म्हणून ताटावर, खिरीवर गुलाबाच्या पाकळ्या पसरतात. विक्रीसाठी वाढवलेल्या गुलाबावर कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं फवारलेली असतात, ते फूल खाण्यासाठी पिकवलेलंच नसतं. ते फुलदाणीत ठेवावं. खिरीला गुलाबी रंग हवा तर बिटाचा चमचाभर रस पुरतो. जेवण झाल्यावर टीव्हीसमोर बसण्याआधी सगळे मिळून पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात फिरून या. जेवणानंतर लगेच चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि सेकंड शिफ्टवाल्याला तेवढंच बसच्या थांब्यापर्यंत सोडणंही होतं.