जुन्या मोटारींच्या टायरांचे वय

टायरचे वय म्हणजे टायर कारखान्यातील साच्यातून बाहेर पडल्यापासून लोटलेला काळ. तो विकत घेतल्याच्या किंवा गाडीला बसवल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. रोज धावणाऱ्या गाडीत रबर म्हातारे होण्याआधीच नक्षी झिजते आणि टायर बदलला जातो, त्यामुळे वयाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर निघणाऱ्या ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा जीपसारख्या जुन्या गाडीत क्रम उलटा होतो. नक्षी शाबूत राहते आणि रबर आतून संपते. खरेदीच्या वेळी आणखी एक अडचण असते. या गाड्यांच्या मापांना मागणी कमी असल्याने टायर गोदामात वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. असा टायर एकदाही रस्त्याला लागलेला नसतो, म्हणून तो कोरा म्हणून विकला जातो. मात्र कोरा टायर ताजा असेलच असे नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती

पूर्वीच्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे त्या काळातील गाडीच्या मूळ कागदांवर ‘दक्षिण सातारा’ असा उल्लेख असू शकतो. आज या भागातील नोंदणी एमएच ११ (सातारा), एमएच ५० (कराड) आणि एमएच १० (सांगली) या क्रमांकांनी होते. गाडी किती जुनी आहे हे कागदांवरून कळते. टायर किती जुना आहे हे मात्र केवळ टायरवरच लिहिलेले असते.

दोन्ही जिल्ह्यांतील हवामान आणि रस्ते टायरच्या दृष्टीने कठीण आहेत. पश्चिमेला महाबळेश्वर, कोयना भागात अतिवृष्टी होते, तर माण, खटाव, आटपाडी आणि जत हे पूर्वेकडील तालुके कोरडे व उष्ण आहेत. साताऱ्याहून सांगलीला जाणारी गाडी कराडमार्गे पेठ नाक्यापर्यंत पुणे–बंगळूर महामार्गाने जाते. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची गाडी आजच्या वाहतुकीच्या वेगात सलग तासभर चालवावी लागते. पुण्याच्या बाजूला खंबाटकी, वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणी आणि कराडहून चिपळूणकडे उतरताना कुंभार्ली असे घाट आहेत. घाटाच्या उतारावरील वळणांत पुढच्या बाहेरील टायरच्या बाजूच्या भिंतीवर सर्वाधिक ताण येतो, आणि जुन्या टायरची दुर्बल जागाही बहुधा तीच असते.

कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ मधील महापुरांत सांगली शहरातील अनेक दुकाने व घरे पाण्याखाली गेली होती. काही दिवस पाण्यात राहिल्याने रबर कुजत नाही. परंतु बुडालेल्या चाकात ओल शिरून रिम गंजते, बीडजवळ चिखल अडकतो आणि त्या घर्षणाने ट्यूब कापली जाते. पुरातून निघालेली जुनी गाडी घेताना चाके उघडून पाहण्याचे हे कारण आहे.

रबर म्हातारे कसे होते

टायरच्या रबरात गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या लांब साखळ्या असतात. हवेतील प्राणवायू हळूहळू आत मुरतो, बंधांची संख्या वाढत जाते आणि रबर कडक व ठिसूळ होते. तापमान वाढले की ही क्रिया वेग घेते. दर १० अंश सेल्सिअसला वेग सुमारे दुप्पट होतो असा रसायनशास्त्रातील ढोबळ आडाखा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढलेला टायर आणि दगडी वाड्याच्या थंड पडवीत राहिलेला टायर कागदोपत्री एकाच वयाचे असले, तरी त्यांची स्थिती सारखी नसते.

ओझोनची क्रिया वेगळी असते. ताणलेल्या पृष्ठभागावर तो बारीक भेगा पाडतो. त्याला अडवण्यासाठी टायर बनवताना रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळतात. चाक फिरताना टायर वाकतो, तेव्हा हे पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की हा पुरवठा मंदावतो. म्हणून ‘गाडी फार चालवली नाही, टायर नवेच आहेत’ हे विक्रेत्याचे नेहमीचे वाक्य गुणाचे न मानता धोक्याचे मानणे अधिक योग्य ठरते. विजेच्या मोटारीतील ठिणग्या आणि वेल्डिंग यांमुळेही ओझोन निर्माण होतो. टायरच्या दुकानात हवेच्या कॉम्प्रेसरशेजारीच टायरांची थप्पी लावलेली दिसते, ती त्यांच्यासाठी वाईट जागा असते.

रेडियल टायरमध्ये पोलादी पट्ट्यांच्या कडेशी रबराची पकड सुटू लागते. ही बिघाडाची जागा बाहेरून दिसत नाही. वेगात, भाराखाली आणि उन्हाच्या वेळी नक्षीचा थर एकदम सोलून निघतो. दुकानदारांच्या भाषेत ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात त्या आडव्या-तिरप्या थरांच्या टायरात असे पट्टे नसतात, त्यामुळे तो धोका कमी असतो. परंतु त्याच्या बाजूच्या भिंती तडकतात, आणि फार काळ एकाच जागी उभ्या गाडीत त्याला सपाट चट्टा पडतो.

तारीख कशी वाचावी

टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी अक्षरांची व अंकांची ओळ असते. तिच्या शेवटी, बहुधा लांबट गोल चौकटीत, चार अंक असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, अर्थात जूनचा पहिला आठवडा. ‘डीओटी’ ही मूळची अमेरिकी परिवहन विभागाची खूण आहे. ती नसलेल्या भारतीय टायरवरही चार अंकी तारीख स्वतंत्रपणे आढळते.

ही पद्धत २००० पासूनची आहे. त्याआधी शेवटी तीनच अंक असत, त्यांत दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचा. ‘३२८’ ही खूण १९७८, १९८८ किंवा १९९८ यांपैकी कोणत्याही वर्षाची असू शकते. १९९० च्या दशकातील टायरांवर फरक कळावा म्हणून काही उत्पादक पुढे छोटा त्रिकोण उमटवत. दशक नक्की करता आले नाही तरी निर्णय बदलत नाही. तीन अंकी खुणेचा कोणताही टायर आता पाव शतकाहून जुना आहे आणि तो रस्त्यावर नेण्यायोग्य नाही. गाडी संग्रहालयात उभी ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

पूर्ण ओळ पुष्कळदा एकाच भिंतीवर असते. टायर चाकावर चढवलेला असेल आणि ती बाजू आत गेली असेल, तर बाहेरून अर्धीच ओळ दिसते व तारीख दिसत नाही. अशा वेळी गाडी जॅकवर घेऊन किंवा मोबाइल आत धरून छायाचित्र काढून तारीख वाचावी लागते. चारही चाके वेगवेगळी तपासणे आवश्यक असते, कारण जुन्या गाडीत चार टायर चार वर्षांचे असणे हे नवल नसते. स्टेपनीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. ती न वापरल्यामुळे तिची नक्षी ताजी दिसते आणि बहुधा गाडीतील सर्वांत जुना टायर तोच असतो. घाटात पंक्चर झाले की नेमका तोच पुढे बसवला जातो.

तारखेच्या जागी रबर घासलेले किंवा चौकट खरवडलेली दिसली, तर टायर घेऊ नये. झिजलेल्या टायरची नक्षी पुन्हा कोरून खोल केल्याचे प्रकारही होतात. खोल नक्षी आणि जुनी तारीख यांची विसंगती तेथे उपयोगी पडते. काळ्या पॉलिशने बारीक भेगा झाकल्या जातात, म्हणून भिंत ओल्या फडक्याने पुसून व अंगठ्याने दाबून वाकवून पाहतात. कडकपणा मोजण्याचे शोअर ‘ए’ मापक मिळते. नव्या टायरचे रबर त्यावर साधारण ६० ते ७० च्या दरम्यान आकडा दाखवते व वयानुसार तो चढत जातो. मात्र मऊ रबर हा निर्दोषपणाचा पुरावा नाही, कारण आतील पट्ट्यांची पकड या मापकाला कळत नाही.

मापांचा प्रश्न

ॲम्बेसेडरला मूळचा ५.९०-१५, पद्मिनीला ५.२०-१४ आणि जुन्या जीपला ६.००-१६ या मापाचा टायर असे. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या सुरुवातीस थांबले आणि ॲम्बेसेडरचे मे २०१४ मध्ये. त्यामुळे पहिल्या दोन मापांची मागणी आटत गेली आणि दुकानात जे मिळते ते केव्हाचे आहे हे पाहणे भाग पडले.

जीपच्या मालकासमोर वेगळाच पेच असतो. ६.००-१६ हे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचेही माप आहे. उसाच्या या पट्ट्यात ते सहज मिळते आणि खपही चांगला असल्याने तारीख बहुधा ताजी असते. पण तीन उभ्या कड्यांचा तो टायर शेतातील कामासाठी आणि ताशी ४० किलोमीटरच्या आसपासच्या वेगासाठी बनवलेला असतो. तो रिमवर नीट बसतो, स्वस्तही पडतो, आणि महामार्गावर तापून निकामी होऊ शकतो. तारीख योग्य असूनही टायर अयोग्य असल्याचे हे उदाहरण आहे. म्हणून तारखेबरोबर भारांक व वेगाची खूण वाचणेही आवश्यक असते.

अमेरिकेतील कोकर टायर किंवा ब्रिटनमधील ब्लॉकली यांसारख्या कंपन्या जुन्या मापांचे टायर आजही नव्याने बनवतात. भारतात ते आणणे सोपे नाही. जून २०२० पासून मोटारींच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत आहे, शिवाय २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने टायरवर भारतीय मानक चिन्ह बंधनकारक केले आहे. काही मालक त्यामुळे जवळच्या मापाचा रेडियल टायर बसवतात. तसे करायचे झाल्यास चारही चाकांना एकच प्रकार घेणे इष्ट असते, आणि एका आसावर रेडियल व नायलॉन टायर एकत्र लावणे पूर्णपणे टाळावे लागते. मूळ रिमवर ट्यूब आवश्यक असते. ट्यूबही म्हातारी होते, तेव्हा नव्या टायरात जुनी ट्यूब घालून वाचवलेले पैसे सहसा महागात पडतात.

किती वय चालते

याचे सर्वमान्य उत्तर नाही. अनेक मोटार उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात. मिशलिनसारखे टायर उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर, दिसायला चांगला असला तरी, बदल सुचवतात. हवामानाचा परिणाम दाखवणारी एक नोंद अमेरिकी महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अभ्यासात आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या उष्ण राज्यांत एका मोठ्या विमा कंपनीचे २७ टक्के ग्राहक होते, परंतु टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तेथून आले. त्यांपैकी ८४ टक्के दावे सहा वर्षांपेक्षा जुन्या टायरांचे होते. जत किंवा माणच्या उन्हात राहणाऱ्या गाडीसाठी दहापेक्षा सहाचा आकडा धरणे अधिक सुज्ञपणाचे आहे.

इंग्लंडमधील सरे परगण्यात सप्टेंबर २०१२ मध्ये एका बसचा पुढचा टायर फुटून तिघे मृत्युमुखी पडले. तो टायर १९ वर्षांहून जुना, म्हणजे बसपेक्षाही वयस्कर होता, आणि त्याची नक्षी कायदेशीर मर्यादेत होती. त्यानंतरच्या लोकचळवळीमुळे १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये ट्रक व बसच्या पुढच्या आसावर दहा वर्षांपेक्षा जुन्या टायरांना बंदी आली. ऐतिहासिक व अव्यावसायिक वाहने मात्र तीतून वगळली आहेत, म्हणजे जुन्या गाडीच्या मालकावर तेथेही स्वतःच तारीख वाचण्याची जबाबदारी आहे. अमेरिकी अभिनेता पॉल वॉकर यांचा मृत्यू झालेल्या ३० नोव्हेंबर २०१३ च्या अपघाताच्या तपासात अतिवेग हे मुख्य कारण ठरले. त्या स्पोर्ट्‌स मोटारीचे टायर नऊ वर्षांचे होते, याचीही नोंद तपासात झाली.

भारतातील नियम

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीची किमान ०.८ मिलिमीटर असावी लागते. वयाची मर्यादा त्यात नाही. २०२२ मध्ये आलेल्या सुधारणेने घर्षण, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांची मानके लागू केली. तीही नव्याने बनणाऱ्या टायरांसाठी आहेत. परिणामी पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना वीस वर्षांचा, पण भरपूर नक्षीचा टायर तपासणीत अडेलच असे नाही.

पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी उपलब्ध आहे. तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. या मर्यादेमुळे गाडीचा वापर आणखी घटतो, आणि एका नोंदणीची मुदत संपेपर्यंत त्या काळात बसवलेले टायर झिजण्याआधीच बाद होण्याच्या वयाला पोचतात.

बाद टायर

काढलेले टायर दुकानात तसेच सोडले तर ते पुन्हा कोणाच्या तरी गाडीला लागण्याची शक्यता असते, म्हणून काही मालक बाजूची भिंत कापूनच ते देतात. ऊस वाहणाऱ्या टायरगाडीसारख्या बैलगाडीच्या चालीला रबराचे वय फारसे नडत नाही. परंतु बैलगाडीसाठी म्हणून विकत घेतलेला धड टायर पुढे एखाद्या जीपच्या स्टेपनीत जाणार नाही, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.