उकळूनही न जाणारे विष : चीनमधील आंबवलेल्या शेवयांचा धडा

ईशान्य चीनमधील ‘सुआनतांगझी’ हा आंबवलेल्या मक्याच्या शेवयांचा पारंपरिक पदार्थ मांचू समाजाच्या खाद्यसंस्कृतीचा भाग मानला जातो. मका अनेक दिवस पाण्यात भिजवून आंबवतात आणि नंतर तो वाटून गाळून घेतात. तळाशी बसलेल्या पिठाच्या शेवया उकळत्या पाण्यात सोडल्या जातात. आंबट रश्शातील या शेवया तेथील घरोघरी आवडीने खाल्ल्या जातात.

ऑक्टोबर २०२० मध्ये मात्र याच पदार्थाने हेइलोंगजियांग प्रांतातील जीशी येथे एकाच कुटुंबातील नऊ जणांचा बळी घेतला. शेवयांचे पीठ सुमारे वर्षभर फ्रीजरमध्ये ठेवलेले होते. चव न आवडल्याने तीन तरुण सदस्यांनी त्या खाल्ल्या नाहीत व ते बचावले. तपासणीत शेवयांमध्ये ‘बोंगक्रेकिक आम्ल’ मोठ्या प्रमाणात आढळले.

बर्कहोल्डेरिया ग्लॅडिओली या जिवाणूचा एक प्रकार हे विष तयार करतो. ते पेशींमधील ऊर्जानिर्मितीच्या यंत्रणेवर आघात करते. प्रारंभी पोटदुखी, उलट्या व चक्कर अशी लक्षणे दिसतात. पुढे यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूला इजा होते. यावर कोणताही उतारा उपलब्ध नाही.

पदार्थाचा रंग, वास वा चव यांवरून हे विष ओळखता येत नाही. शिजविल्याने जिवाणू मरतात, पण उष्णतेला दाद न देणारे विष कायम राहते. गोठविल्याने जिवाणूंची वाढ थांबते. आधीच तयार झालेले विष मात्र नष्ट होत नाही.

या विषाचे नाव इंडोनेशियातील जावा बेटावरील ‘तेम्पे बोंगक्रेक’ या खोबऱ्याच्या चोथ्यापासून केलेल्या आंबवलेल्या पदार्थावरून पडले. वारंवार झालेल्या विषबाधांनंतर १९८८ मध्ये त्यावर बंदी घालण्यात आली. मोझांबिकमध्ये २०१५ साली मक्याच्या पिठापासून केलेल्या घरगुती मद्यातून याच विषाची बाधा होऊन ७५ जण दगावले.

आंबवण्याची प्रक्रिया मुळात घातक नाही. पुरेशी आम्लता आणि मीठ या जिवाणूला रोखतात. उबदार, दमट जागी मका किंवा खोबरे दीर्घकाळ भिजत राहिल्यास मात्र धोका वाढतो. त्यामुळे भिजवण्याचे पाणी वारंवार बदलणे, भांडी स्वच्छ ठेवणे आणि शंका असलेला पदार्थ पुन्हा शिजवून खाण्याऐवजी टाकून देणे, हेच हितावह ठरते.