काडी न लावता पेटणारा टॉवेल

अभ्यंगाचे टॉवेल धुऊन झाले, ड्रायरमधून गरमागरम काढले, घड्या घालून कपाटात रचले आणि मसाज केंद्राला कुलूप लागलं. मध्यरात्री त्याच कपाटातून धूर निघू शकतो. काडी नाही, शॉर्टसर्किट नाही. टॉवेल आपला आपणच पेटतो!

करामत तेलाची. तिळाच्या तेलात सुमारे 40 टक्के लिनोलिक आम्ल असतं. त्याच्या रेणूंमधल्या दुहेरी बंधांपाशी हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि दर वेळी किंचित उष्णता सुटते. बाटलीतल्या तेलाला हवा लागते ती फक्त वरून. सुती टॉवेलात तेच तेल असंख्य तंतूंवर पातळ पसरतं, म्हणजे चहूबाजूंनी हवाच हवा. जुन्या टॉवेलांना येणारा खवट वास याच क्रियेचा, फक्त ती तिथे संथपणे चाललेली असते.

दोरीवरच्या टॉवेलाची उष्णता वारा घेऊन जातो. ढिगाच्या पोटातली जाणार कुठे? ती साठते, तापमान चढतं. तापमान दहा अंशांनी चढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि मग आणखी उष्णता. ड्रायरची ऊब या चक्राला पहिला धक्का देते. ‘पण टॉवेल धुतले होते की!’ धुतले खरे, पण थंड पाण्यात साबणानेही सगळं तेल सुटत नाही.

जवसाचं तेल यात फारच खोडकर. 1991 च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातली 38 मजली ‘वन मेरिडियन प्लाझा’ इमारत पेटली, ती जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांमुळे. तीन अग्निशामक जवान त्यात गेले. खोबरेल मात्र बरंच शांत, कारण त्यात 90 टक्क्यांच्या आसपास संपृक्त मेदाम्लं, दुहेरी बंध जवळपास नाहीतच. पण म्हणून ते निर्धोक समजू नये. मसाजची तेलं बहुधा मिश्रणंच असतात.

तेलकट पंचे-टॉवेल धुण्याआधी घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवले, तर आत ऑक्सिजनच कमी पडतो. धुताना गरम पाणी आणि सढळ साबण हवा. ड्रायरची शेवटची थंड फेरी अर्ध्यात तोडू नये, आणि घडी पूर्ण गार झाल्यावरच घालावी. धुऊनही खवट वास जात नसेल, तर तो टॉवेल बाद करावा, कितीही महाग असला तरी.