घार आणि पाकट : पंख दोघांना, मग पक्षी एकच का?



'पंख असतात तो पक्षी' हे मुलं लहानपणापासून पाठ करतात. मग पाकट मासा पोहतानाचा व्हिडिओ दाखवला की लगेच म्हणतात, "बाई, हा तर पाण्यातला पक्षी!" अशा वेळी नुसतं 'चूक' म्हणून मुलांना गप्प करू नका. त्यांचं निरीक्षण बरोबरच असतं. पुढचा प्रश्न आपण विचारायचा: दिसायला सारखे, पण आतून सारखे आहेत का?

घार पुण्याच्या आकाशात रोज दिसते. पाकट आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या समुद्रात सापडतो. आता दोघांची तुलना करू.

पंख : घारीचे पंख म्हणजे बदललेले पुढचे पाय. त्यांवर पिसं असतात. पाकटाचे 'पंख' म्हणजे रुंद झालेले छातीचे पर.

सांगाडा : घारीची बरीच हाडं पोकळ, म्हणून शरीर हलकं. पाकटाला हाडंच नसतात, त्याचा सांगाडा कूर्चेचा.

श्वसन : घारीला फुप्फुसं. पाकटाला कल्ले, त्यांच्या फटींच्या 5 जोड्या पोटाच्या बाजूला.

शेपटी : घारीची दुभंगलेली, वळायला उपयोगी. पाकटाची चाबकासारखी, बहुतेकदा विषारी काट्याची.

पिल्लं : घार साधारण 2-3 अंडी घालते. काटेवाल्या पाकटाची अंडी आईच्या पोटातच उबतात आणि थेट पिल्लं जन्मतात.

मग दिसायला सारखे का? कारण काम सारखं! हवा असो वा पाणी, मागे ढकललं की पुढे जाता येतं आणि त्यासाठी रुंद, चपटा अवयव सोयीचा. पण पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं. ते पाकटाचं बरंचसं वजन पेलतं. घारीला मात्र हलकंच राहावं लागतं.

कृती : मुलांना कानाचा वरचा भाग दुमडायला सांगा. ती कूर्चा! मग तळहात आधी हवेत आणि नंतर बादलीतल्या पाण्यात हलवायला सांगा. फरक ती स्वतःच सांगतील.

शेवटी व्याख्या मुलांकडूनच दुरुस्त करून घ्या: 'पिसं असतात तो पक्षी.' वटवाघूळ आणि फुलपाखरू घेऊन ती तपासा.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगा. दोघांनाही पिल्लं थोडीच होतात. त्यामुळे नायलॉन मांजात अडकलेली घार काय किंवा जाळ्यात सापडलेला छोटा पाकट काय, प्रत्येक जीव मोलाचा आहे.